चक्राची मागची बाजू

भोकरदनच्या आमच्या घरात दोन टेबले होती आणि शाळेबाहेरचे माझे सगळे शिक्षण त्या दोन टेबलांच्या मधल्या जागेत झाले. पहिले टेबल अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. ते गावातल्याच शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या टेबलावरची पट्टी, कंपासपेटी आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलाच्या कडेला नेहमी समांतर असे. कुणी चुकून धक्का लावलाच, तर बोलता बोलता त्यांचे बोट ती पट्टी पुन्हा सरळ करी, आणि आपण असे काही केले हे त्यांना कळतही नसे. दुसरे टेबल भानुकाकांचे. भानुदास हे अण्णांचे धाकटे भाऊ. घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडून दार काढून त्यांनी तिथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान मांडले होते. त्यांच्या टेबलावर उघड्या पोटाचे रेडिओ, गुंतलेल्या फिती, अर्धवट प्यालेला चहा आणि सोल्डरची गुंडाळी असा संसार असे, आणि त्यातली हवी ती वस्तू ते न पाहता उचलत. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणसे धोतराच्या नाहीतर टॉवेलच्या गाठोड्यात रेडिओ बांधून आणीत. पट्टा सैल झालेल्या टेपमधून गाणाऱ्याचा आवाज हळूहळू खोल विहिरीत उतरल्यासारखा जाड होई, काका पट्टा बदलत, आणि तोच आवाज एकदम वर येऊन घरभर नाचू लागे. सोल्डरमधल्या राळेच्या धुराचा वास आमच्या घराला इतका चिकटला होता की आईने कितीही फोडणी घातली तरी तो फोडणीच्या वासात मिसळून उरायचाच.

आई दोन्ही टेबलांबद्दल एकच वाक्य बोलत असे. "या घरात एका टेबलाला पुसायची गरज न्हाई आन दुसऱ्याला पुसायला जागा न्हाई." काका त्यावर खळखळून हसत. त्यांचा स्वतःचा सिद्धान्त अगदी लहान होता: "वहिनी, चाललं ना? मंग झालं!" अण्णांचा सिद्धान्त त्याच्या नेमका उलट होता. ते वर्गात प्रमेय शिकवताना पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता अशा चार पायऱ्या लिहीत आणि म्हणत, "उत्तर बरोबर आले म्हणजे गणित झाले असे नाही. दुसऱ्याला तुमची वाट दिसली पाहिजे." मी दोघांचीही लाडकी होते, त्यामुळे दोन्ही सिद्धान्त मला एकाच वेळी खरे वाटत. सकाळी अण्णांच्या पट्टीने रेषा आखायच्या आणि दुपारी काकांच्या शेजारी बसून जळालेला रेझिस्टन्स शोधायचा, अशी माझी दिनचर्या होती.

मी अकरावीला असताना काकांनी औरंगाबादहून, म्हणजे आताच्या संभाजीनगरहून, एक ब्रेडबोर्ड आणला. पांढऱ्या प्लॅस्टिकची वीतभर पाटी आणि तिच्यावर बारीक छिद्रांच्या ओळीच ओळी. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक छिद्राखाली धातूची चिमटी असते आणि आडव्या ओळीतली पाच छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे सोल्डर न करता नुसत्या वायरी खोचून सर्किट उभे करता येते, आवडले नाही तर उपसून दुसरे मांडता येते. काकांनी तो मोठ्या कौतुकाने आणला, दोन दिवस वापरला आणि बाजूला ठेवला. "आपल्या हाताला हे जमत न्हाई माय. आपल्याला हवेतच बरं," असे म्हणून ते पुन्हा एका भागाचा पाय दुसऱ्याच्या पायाला हवेतल्या हवेत जोडू लागले. पाटी माझ्याकडे आली. मला मात्र तिच्यात अण्णांची आलेख-वही दिसली. लाल वायर फक्त धन बाजूला, काळी फक्त ऋण बाजूला, सर्किटला चालवणाऱ्या विजेच्या ठोक्यांसाठी पिवळी. प्रत्येक वायर दोन छिद्रांमधल्या अंतराला मोजून कापायची, टोके काटकोनात वळवायची आणि पाटीला चिकटून बसेल अशी खोचायची. पुढे मी जालन्याच्या तांत्रिक शाळेत आयुष्यभर हेच शिकवले. मुले म्हणत, "मॅडम, दिसायला कसं का असेना." मी त्यांना सांगे की नेटकेपणा हा दागिना नव्हे, तो दिवा आहे. चूक झाली की ती लगेच डोळ्यांना दिसावी म्हणून वायर सरळ ठेवायची. हे वाक्य मी वर्गात अत्यंत आत्मविश्वासाने म्हणत असे, आणि प्रत्येक वेळी म्हणताना मला एक जुनी दुपार आठवून मनातल्या मनात हसू येई. त्या दुपारचीच ही गोष्ट.

आमच्या बाजारपेठेतल्या गणेश मंडळाची रोषणाई भानुकाका करीत. आदल्या वर्षी ऐन आरतीत त्यांच्या एका जोडणीतून ठिणगी उडाली होती, पडद्याची कड करपली होती आणि बाजारपेठ अंधारात बसली होती. कुणाला इजा झाली नाही, पण मंडळाचे अध्यक्ष अंबादासराव ते विसरले नव्हते. त्यांचे कापडाचे दुकान होते आणि बोलताना ते समोरच्याकडे कापड पारखावे तसे पाहत. श्रावणात ते आमच्या दुकानात आले आणि स्टुलावर टेकले.

"भानुदासा, औंदा मूर्तीच्या मागं चक्र पाहिजे. फिरतं. दिवा पळताना दिसला पाहिजे."

"फिरवू की!" काका म्हणाले.

"फिरवू की म्हनू नको. मागल्या सालीबी 'लावू की' म्हन्ला व्हतास. पोरं म्हनून राह्यलीत, जालन्याच्या डेकोरेटरला सांगा, त्यो टेम्पो भरून सगळं आनतो. मी म्हन्लं, एक डाव आपल्या मानसाला देऊ. स्थापनेच्या दिवशी सांजच्या आरतीला चक्र फिरलं, तर काम तुझं. न्हाई फिरलं, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो."

काका हसले, पण अंबादासराव गेल्यावर बराच वेळ हातातला स्क्रू-ड्रायव्हर नुसता फिरवीत बसले. गावात एक अलिखित रीत होती: मंडळ ज्याला बोलावी त्यालाच लोक लग्नाच्या मांडवाला बोलावीत. मंडळाचे काम गेले असते तर लग्नसराईतली सगळी रोषणाई त्या टेम्पोत बसून जालन्याला गेली असती, आणि काकांना पुढची वर्षे नुसते टेपचे पट्टे बदलत काढावी लागली असती. घरात हे कुणी बोलून दाखवले नाही. पण त्या संध्याकाळी आईने त्यांच्या आवडीची येसर आमटी केली, त्यावरून तिलाही कळले होते हे मला समजले.

चक्राचे सर्किट एका मासिकात छापलेले होते. एक आयसी, म्हणजे बारीक पायांची काळी चिप, ठोके देतो. दुसरा ते ठोके मोजतो आणि आपल्या दहा पायांपैकी एका वेळी एकाच पायावर वीज सोडतो, पहिल्या ठोक्याला पहिल्यावर, दुसऱ्याला दुसऱ्यावर, आणि दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक पायापुढे एक रेझिस्टन्स, त्यापुढे बल्बाची वीज उघडझाप करणारा ट्रान्झिस्टर आणि त्यापुढे बल्ब. दहा बल्ब गोलात लावले की दिवा पळतो आहे असे दिसते. काकांनी ते आपल्या पद्धतीने हवेत उभे केले. लिंबावर कावळ्याने घरटे बांधावे तसे ते दिसत होते. चालत होते, पण टेबलाला गुडघा लागला की थांबत होते. काकांनी त्या घरट्याकडे पाहिले, मग माझ्या ब्रेडबोर्डाकडे पाहिले, आणि अगदी हळू म्हणाले, "कुंदा, तुझ्या पद्धतीनं करतीस का? मांडवात पोरं नाचत्यात. लोकाचे गुडघे मोजायला मी कुठं जाऊ?"

मी ते ब्रेडबोर्डवर मांडले. बल्बांच्या जागी दहा लहान लाल एलईडी एका ओळीत खोचल्या, मासिकातल्या आकृतीत ज्या पायापुढे जो आकडा होता त्याप्रमाणे एकेक वायर बसवली आणि बॅटरी जोडली. लाल ठिपका डावीकडून उजवीकडे सरसर निघाला, टोकाला पोचला की पुन्हा डावीकडे. आई सुशीलाची ताटली घेऊन आली होती. चुरमुऱ्यांचा तो चटकदार पदार्थ आमच्याकडे न्याहारीला होतोच. ती ताटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अगं बाई, दिव्याची मुंगी चालून राह्यली!" काकांनी रस्त्यावरून जाणाऱ्या चार जणांना आत बोलावले. एकाने विचारले, "हे कोनी केलं?" काका म्हणाले, "आमच्या कंपनीच्या इंजिनियर बाईनं." सुशीला सगळ्यांत वाटून संपली आणि मला एक घासही मिळाला नाही. त्याची खंत अजूनही वाटत नाही.

आता हे सगळे पक्क्या पाटीवर उतरवायचे होते. अशी पाटी बाजारात मिळे: एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली. जिथे तांबे ठेवायचे तिथे न विरघळणारा रंग लावायचा आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. उघडे तांबे खाल्ले जाते आणि रंगाखालच्या रेषा उरतात. त्याच रेषा म्हणजे वायरी. रंगासाठी नेलपॉलिश उत्तम, असे मासिकात म्हटले होते. आमच्या घरात नेलपॉलिश कुणी लावीत नसे. मी अभ्यासात होते म्हणून काका स्वतः बांगड्यांच्या दुकानात गेले आणि तिथल्या मावशींकडे त्यांनी गडद लाल रंगाची बाटली मागितली. मावशींनी बाटली हातात धरूनच विचारले, "कोनासाठी?" काका म्हणाले, "कामाला पाहिजे." मावशी म्हणाल्या, "असंच म्हन्तेत सगळे. मुलगी कुठली, आष्टीची का देऊळगावची?" संध्याकाळपर्यंत ही बातमी भाजीबाजारातून फिरून आमच्या स्वयंपाकघरात पोचली. आईने काकांना जेवताना गंभीर चेहऱ्याने विचारले, "भावजी, मुलीचं नाव तरी सांगा, भाकरी एक जास्ती टाकायची का ते कळंल." अण्णा, जे जेवताना सहसा हसत नसत, त्यांना ठसका लागला. फेरिक क्लोराइडच्या वेळी तर काका पितळी परात शोधू लागले होते. पितळेतही तांबेच असते, पाटीच्या आधी परातच खाल्ली जाईल, हे मी त्यांना सांगितले तेव्हा आईने परात उचलून देवघरात नेऊन ठेवली. शेवटी प्लॅस्टिकच्या घमेल्यात काम झाले. अंगणात ते तपकिरी पाणी पाहून ती म्हणाली, "रंग तर बराबर येसर आमटीचा आलाय. तिखट बघू नका म्हन्जे झालं."

पण पाटी पाण्यात सोडण्याआधी, कागदावर रेषा आखताना, मी एक सुधारणा केली होती. ती इथे नीट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात वेंधळेपणा नव्हता. उलट ती फार विचारपूर्वक केली होती. मोजणाऱ्या आयसीचे पाय शरीरावर एका क्रमाने असतात आणि मोजतात मात्र दुसऱ्याच क्रमाने. पहिला ठोका तिसऱ्या पायावर, दुसरा दुसऱ्या, तिसरा चौथ्या, मग एकदम सातव्या, असे. ब्रेडबोर्डवर वायरी एकमेकींवरून जाऊ शकतात, म्हणून तिथे काही अडले नव्हते. तांब्याच्या रेषा मात्र एकाच पातळीवर असतात, आणि एक रेषा दुसरीला छेदून गेली की दोन्ही एक होतात. मासिकातल्या क्रमाने आखले की माझ्या रेषा ठिकठिकाणी एकमेकींना छेदू लागत. त्यावर उपाय म्हणजे वरच्या बाजूने वायरीचे छोटे पूल टाकणे, आणि पूल मला कुरूप वाटत. मी विचार केला, बल्ब दहाही सारखेच आहेत. मग कुठल्या पायाला कुठला बल्ब, याने काय बिघडते? जो पाय जिथे आहे तिथून सरळ बाहेर काढावा. असे ठरवताच सगळ्या रेषा एकदम सुटल्या. शेजारी शेजारी, समान अंतरावर, काटकोनात वळून त्या पाटीच्या कडेला गेल्या. मी तो कागद अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सुंदर रचना." त्यांच्या तोंडून हा शब्द मी तोवर फक्त भूमितीसाठी ऐकला होता.

तपासणीही आम्ही केली. जीपच्या डॅशबोर्डात लागतात तसले बारा व्होल्टचे दहा छोटे बल्ब वायरींना लावून त्यांचा झुबका खिळ्याला टांगला आणि पाहिले. एकामागून एक दहाही लागत होते, एकही चुकत नव्हता. झुबक्यात कुठला बल्ब कुणाच्या शेजारचा हे कसे कळावे? आम्ही दोघांनी टाळी दिली. मग प्लायवुडच्या गोल फळीवर बल्ब बसवले, प्रत्येकामागे चंदेरी कागदाची वाटी केली, आणि मी मागच्या बाजूने सगळ्या वायरी नेमक्या लांबीच्या कापून, गजरा गुंफावा तशा दोऱ्याने बांधून, खिळ्यांनी पक्क्या केल्या. एकही वायर लोंबत नव्हती. काका म्हणाले, "थोडी ढील ठेव माय, असू दे." मी म्हटले, "ढिलाई कशाला?"

स्थापनेच्या दिवशी दुपारी मांडवात मूर्ती बसली. मूर्तीमागे चक्र उभे राहिले. वीज मुख्य तारांवरून घ्यायची नाही असे आदल्या वर्षाच्या ठिणगीनंतर काकांनी ठरवले होते, म्हणून एका ओळखीच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली होती. अंबादासराव समोर सतरंजीवर बसले. काकांनी बटण दाबले.

दिवा पळाला नाही. तो उड्या मारू लागला. इथे लागला, मागे आला, पुढे गेला, एकदम पलीकडे, पुन्हा वर, खाली. जणू दहा जणांत कुणीतरी लपंडाव खेळत होते. समोरची पोरे हसून लोटपोट झाली. "लंगडी! लंगडी घालून राह्यलं!" एक म्हणाला, "न्हाई रे, उंदीर हाय तो, गणपतीचा!" आणि मंडळाचे कार्यकर्तेही हसू लागले. अंबादासराव मात्र हसले नाहीत. ते उठून काकांच्या जवळ आले. "भानुदासा, फिरतं म्हन्लं व्हतं मी. हे काय फिरनं हाय? जालन्याला निरोप धाडू का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कुणाचे काम आहे हे एका शब्दाने सांगितले नाही. "आरतीला टाईम हाय अजून," ते म्हणाले, "बसा तुम्ही. चहा घ्या."

मी पडदा सारून चक्राच्या मागे गेले. मागून ते अतिशय देखणे दिसत होते. सरळ रेषा, समान अंतरे, दोऱ्याच्या समान गाठी. पाहून कुणीही म्हणाले असते की इथे चूक असणे शक्य नाही. आणि त्या रेषांकडे पाहता पाहताच मला कळले. दहा बल्ब सारखे असतात ते टोपलीत; गोलात बसवले की प्रत्येकाला एक शेजारी मिळतो. मी पायांना जवळची वाट दिली होती आणि मोजणीचा क्रम मोडला होता. सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे वायरींची टोके बल्बांवर अदलून बदलून लावणे. पण वायरी नेमक्या लांबीच्या होत्या, एकही दुसऱ्या बल्बापर्यंत पोचत नव्हती. काकांच्या ढिलाईचा अर्थ मला त्या क्षणी समजला. आता उरली ती पाटी. प्रत्येक रेझिस्टन्सचा आयसीकडचा पाय उपटून हवेत उभा करायचा, आणि आयसीच्या पायाकडून त्याच्या योग्य रेझिस्टन्सकडे वरून वायर टाकायची. एकमेकींवरून जाणाऱ्या दहा वायरी. माझ्या सुंदर रचनेवर काकांचे घरटे.

"काका, सोल्डरची कावी तापवा," मी म्हटले.

"पाटी खराब होईल तुझी," ते म्हणाले.

"होऊ द्या."

मी पाय उपटायला सुरुवात केली. दहा रेझिस्टन्स एका पायावर उभ्या बगळ्यांसारखे दिसू लागले. आता कुठला रेझिस्टन्स गोलातल्या कितव्या बल्बाचा, हे ठरवायचे होते. मी मागूनच बोटाने वरच्या बल्बापासून मोजू लागले, तेवढ्यात अण्णा शाळेतला गणपती बसवून थेट मांडवात आले. त्यांनी सगळे पाहिले, काय झाले ते मी दोन वाक्यांत सांगितले, आणि त्यांनी वर्गात विचारावा तसा एकच प्रश्न विचारला: "चक्र कोण पाहणार आहे? तू की लोक?" मी थांबले. मागून जे उजवीकडे ते समोरून डावीकडे. मी मागून क्रम लावला असता तर चक्र फिरले असते, पण उलटे, गणपतीला उलटी प्रदक्षिणा घालत. आणि पूजेची तयारी करणाऱ्या गुरुजींनी ते एक क्षणही चालू दिले नसते.

अण्णांच्या खिशात खडू असायचाच. ते समोर गेले, गुरुजींना विचारून त्यांनी प्रदक्षिणेची दिशा नक्की केली आणि प्रत्येक बल्बाशेजारी फळीवर सुबक अक्षरात आकडे घातले. मग मी मागून बॅटरीची एक तार एका उभ्या पायाला टेकवली. समोर एक बल्ब लागला.

"सात!" अण्णांनी पुकारले.

मी त्या रेझिस्टन्सशेजारी पाटीवर सातचा आकडा लिहिला आणि तार पुढच्या पायाला लावली.

"नऊ!" आता पोरेही ओरडली. त्यांना खेळ कळला होता.

"एक!"

"हजर!" कुणीतरी बारीक आवाजात म्हणाले आणि मांडवभर हशा पिकला. पुढच्या आकड्याला सगळ्यांनीच "हजर" म्हटले. पडद्यामागे मला कुणी दिसत नव्हते, फक्त आकडे ऐकू येत होते, आधी अण्णांचा, त्यामागून पोरांचा, आणि शेवटच्या दोन आकड्यांना त्यांत अंबादासरावांचा जाड आवाजही मिसळला होता. काका कावीची तापलेली सळई धरून माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी वायर दाखवायची, त्यांनी डाग द्यायचा. हवेतल्या हवेत दोन टोके जोडणारा त्यांच्यासारखा हात मी नंतर आयुष्यात पाहिला नाही. वायरी मात्र मी निवडल्या, प्रत्येक वेगळ्या रंगाची, आणि शक्य तितक्या एका बाजूने वळवल्या. ते हसून म्हणाले, "घरटंबी नीट बांधून राह्यली पोरगी."

माझी नात आता पुण्यात संगणकावर सर्किट आखते. रेषा छेदली की पडदा तिला लाल खूण दाखवतो, आणि पाट्या कुरिअरने घरी येतात, हिरव्यागार, आरशासारख्या. तिने एकदा विचारले, "आजी, तुमच्या वेळी चूक कोण दाखवायचं?" मी म्हटले, "बाजारपेठ." तिला तो विनोद वाटला.

सांज झाली. समया लागल्या, ताटात कापूर आला, तळणीच्या मोदकांचा वास मांडवात भरला. गुरुजींनी घंटा उचलली आणि काकांनी बटण दाबले. मी मागेच होते. समोरून एक लांब, सुखाचा "हाऽ" आला, आणि मला कळले की दिवा पळतो आहे. आरती सुरू झाली. काही क्षणांतच पडदा बाजूला सरला आणि अंबादासराव आत डोकावले. त्यांच्या मागे काका, चेहरा उतरलेला. मला वाटले, पुन्हा काही बिघडले.

"भानुदासा, काम तुझं. बिलकुल तुझं. पन एक कर, याचा वेग कमी कर. लोक गनपती सोडून चक्राकडं बघून राह्यलेत. कोनी टाळ्याच वाजवंना."

काकांनी हात झटकले. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "ते मला न्हाई कळत. सर्किट तिचं हाय, तिला सांगा."

ठोके देणाऱ्या आयसीजवळ वेग कमीजास्त करण्याची एक लहान खुंटी होती. अंबादासराव, जे तोवर माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते, ते किंचित वाकून म्हणाले, "बाई, तेवढं जरा हळू करता का?" आणि दोघेही समोर निघून गेले. मी एकटी पाटीपुढे बसले. रंगीबेरंगी वायरींच्या त्या गुंत्याखाली माझ्या तांब्याच्या सरळ रेषा अजून दिसत होत्या. मला चक्र दिसत नव्हते. फक्त फळीच्या कडेने उजेड एकेका जागी उमटून पुढे सरकताना दिसत होता. मी खुंटी हळूहळू मागे फिरवली. उजेड मंदावला. समोर टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आधी विखुरलेल्या, मग एका तालात. मी आणखी थोडी फिरवली, कान लावला, पुन्हा केसभर पुढे आणली, आणि एका क्षणी टाळी आणि उजेड एकत्र पडू लागले. एक टाळी, एक दिवा. समोर कुणाला ते कळले असेल असे वाटत नाही. मी खुंटीवरचे बोट काढले आणि आरती संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.